तीन पौंडांची केबिन

"काय रे, विकेंडला काय केलंस?" या प्रश्नाला ऑफिसात दोन-तीन ठरलेली उत्तरं असतात. लंडनला गेलो, डोंगर चढलो, नाहीतर दिवसभर लोळलो. मागच्या वर्षी नोव्हेंबरातल्या एका सोमवारी मी खरं उत्तर दिलं. "खेळण्यातल्या आगगाड्यांचं प्रदर्शन बघायला गेलो होतो. तिकीट काढून." कॉफी मशीनपाशी दोन सेकंद शांतता. मग आमच्यातला एक जण म्हणाला, "एकटाच?" :)

हो, एकटाच. सहा महिन्यांसाठी मी लेस्टरला ऑनसाइट होतो. लेस्टर म्हणजे इंग्लंडच्या साधारण मध्यावरचं शहर. बेलग्रेव्ह रोडवर ढोकळ्यापासून साड्यांपर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे घरची आठवण वगैरे फार येत नाही. पण नोव्हेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो आणि पावसाळी शनिवारी करायचं काय हा मोठाच प्रश्न असतो. बस स्टॉपजवळच्या सूचना फलकावर एक साधा कागद लावलेला दिसला. मॉडेल रेल्वे प्रदर्शन, शनिवार-रविवार, चहा-केकची सोय आहे. पाय आपोआप वळले.

आपोआप म्हणजे अगदीच आपोआप नाही. शाळेत असताना कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम बघितलं होतं. भाऊसाहेब जोशींनी हौसेने उभं केलेलं ते छोटं जग १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. पुण्यातल्या कितीतरी पोरांनी तिथे काचेला नाक लावलं असेल. मीही त्यातलाच. तेव्हा मला मेकॅनिकल इंजिनियर व्हायचं होतं. झालोही. मग कॅम्पस इंटरव्ह्यू झाला आणि उरलेला महाराष्ट्र जिथे जातो तिथे मीही गेलो. असो.

प्रदर्शन एका क्रीडा संकुलाच्या हॉलमधे होतं. खाली बास्केटबॉलच्या रेघा आणि त्यावर टेबलांवर मांडलेली गावंच्या गावं. पाऊस पडून गेलेलं स्टेशन, वाळत घातलेले कपडे, पुलावर थांबलेली बस. प्रत्येक मांडणीमागे दोन-तीन काका, स्वेटर घातलेले, हातात कंट्रोलर आणि बाजूला थर्मास. सरासरी वय पासष्ट तरी असेल. पंचविशी-तिशीतला मी एकटा, आणि बाकी आजोबांचा हात धरून आलेली पोरं. मधल्या दोन पिढ्या गायब. हा छंद म्हातारा होत चालला आहे हे तिथे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. बर्मिंगहॅमच्या भव्य एनईसी हॉलमधलं वॉर्लेचं प्रसिद्ध प्रदर्शन २०२३ साली शेवटचं भरलं, आणि १९४६ पासून चाललेलं हॅटन्स हे मॉडेल गाड्यांचं नामांकित दुकान २०२४च्या सुरुवातीला बंद झालं. चहाच्या रांगेत त्याच गप्पा चालल्या होत्या.

नवीन इंजिनांच्या किमती बघून मी आधी मनातल्या मनात पौंडाला शंभराने गुणलं आणि मग गुणणं सोडून दिलं. एका इंजिनात इथल्या महिन्याभराचं वाणसामान येईल. मग फिरत फिरत हॉलच्या कोपऱ्यात क्लबच्या जुन्या सामानाच्या टेबलापाशी पोचलो. टेबलावर चांगला माल, टेबलाखाली खोकी. अनुभवी माणसं टेबलाकडे बघतच नाहीत हे लगेच लक्षात आलं. ती गुडघ्यांवर बसून खोक्यांत हात घालतात. अगदी आपल्या अप्पा बळवंत चौकातल्या रद्दीच्या ढिगासारखं. मीही बसलो.

खोक्यात काय नव्हतं? अर्धवट जोडलेले वॅगन, एका चाकाचं इंजिन, रंगांच्या वाळलेल्या डब्या, आणि तळाशी एक पारदर्शक पिशवी. वर कागदाची पट्टी, त्यावर एका दुमजली लाकडी इमारतीचं चित्र. एअरफिक्स कंपनीचं सिग्नल बॉक्सचं किट. म्हणजे आपल्या भाषेत 'केबिन'. पिशवी कधीतरी उघडलेली होती, काही तुकडे सांगाड्यातून सुटलेले होते. किंमत तीन पौंड.

टेबलामागच्या आजोबांनी विचारलं, "बांधणार, की ठेवणार?"

मला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्यांनी टेबलावरची तशीच दुसरी पिशवी दाखवली. तेच किट, पण पट्टीची पिन कधी निघालेली नाही. किंमत पंचवीस पौंड. "ठेवणार असशील तर ही घे. बांधणार असशील तर तीच बरी. पंचवीस पौंडांची पिशवी फोडायला हात धजत नाही."

मग त्यांनी सांगितलं की ही सात-आठ खोकी क्लबच्या एका जुन्या सभासदाची. तो वसंतात गेला. बायकोने सगळं क्लबला आणून दिलं, विकून येतील ते पैसे क्लबने ठेवावेत म्हणून. "आयुष्यभर अशाच टेबलांखाली शोधत राहिला. स्वस्त मिळालं की घ्यायचा. रिटायर झालो की बांधीन म्हणायचा." एवढं बोलून ते दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

मी तीन पौंड दिले आणि म्हटलं, "बांधणार." दिलेला शब्द आता अंगाशी येणार होता, पण ते पुढे.

रूमवर आल्यावर पिशवी टेबलावर ठेवली आणि रात्री दोनपर्यंत या कंपनीचा इतिहास वाचत बसलो. तो तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कंटाळा आला तर मधला भाग गाळा, पण मग शेवट नीट कळणार नाही. :)

एअरफिक्सचा संस्थापक निकोलस कोव्ह हा हंगेरियन ज्यू, युद्धाच्या तोंडावर इंग्लंडमधे आलेला. १९३९ साली त्याने हवा भरायची रबरी खेळणी बनवायला सुरुवात केली. 'एअर' तिथून आलं. शिवाय व्यापारी याद्यांत नाव वर यावं म्हणून ते इंग्रजीतल्या पहिल्या अक्षरापासून सुरू होणारं हवं होतं. (म्हणजे सर्च रँकिंगचा विचार तेव्हाही होता.) युद्धानंतर खेळणी मागे पडली आणि कंपनी कंगवे बनवायला लागली. प्लॅस्टिकचे खिशातले कंगवे. त्यासाठी १९४७ साली इंजेक्शन मोल्डिंगचं यंत्र घेतलं.

१९४९ साली फर्ग्युसन ट्रॅक्टरवाल्यांना आपल्या विक्रेत्यांना द्यायला छोटे ट्रॅक्टर हवे होते. एअरफिक्सने तुकडे मोल्ड केले आणि माणसं लावून जोडले. जोडणी महाग पडत होती. तेव्हा खर्च वाचवण्यासाठी एक साधा उपाय निघाला. तुकडे तसेच विकायचे, जोडायचं काम गिऱ्हाइकावर सोडायचं! आज आयकियाचं कपाट जोडताना आपण ज्या कल्पनेला शिव्या घालतो तीच ही. पण इथे गंमत अशी झाली की गिऱ्हाइकाला जोडण्यातच मजा यायला लागली. खर्च टाळण्याचा उपाय हाच माल झाला.

दुसरं वळण वूलवर्थ्सने दिलं. वूलवर्थ्स म्हणजे त्या काळी ब्रिटनच्या प्रत्येक गावातलं स्वस्त दुकान. युद्धापूर्वी तिथे सहा पेनींच्या वर काही विकायचंच नाही असा नियम होता. १९५२ साली एअरफिक्सने ड्रेकच्या 'गोल्डन हाइंड' जहाजाचं छोटं किट काढलं. वूलवर्थ्सला ते दोन शिलिंगला विकायचं होतं. दोन शिलिंग म्हणजे पौंडाचा दहावा भाग. त्या किमतीत पुठ्ठ्याचा खोका बसत नव्हता. म्हणून खोका गेला आणि प्लॅस्टिकची पिशवी आली. वर कागदाची पट्टी, आणि जोडायच्या सूचनाही त्या पट्टीवरच छापलेल्या. माझ्या टेबलावर पडलेल्या पिशवीचा आकार असा त्या दोन शिलिंगांतून आलेला आहे.

इथे माझ्यातला झोपलेला मेकॅनिकलवाला जागा झाला. भोसरी-चाकणच्या कुठल्याही टूलरूममधे विचारा. मोल्ड म्हणजे पोलादाचा ठोकळा, तो कोरायला महिने लागतात आणि पैसा पाण्यासारखा जातो. पण एकदा मोल्ड तयार झाला की पुढचा प्रत्येक नग चिल्लरमधे पडतो. म्हणजे सगळा खेळ संख्येचा. दहा हजार नग विकले तर तोटा, दहा लाख विकले तर फायदा. दहा लाख विकायचे तर किंमत शाळकरी पोराच्या खिशात मावली पाहिजे आणि दुकान त्याच्या घराजवळ पाहिजे. वूलवर्थ्सचं ब्रिटनमधलं हजारावं दुकान १९५८ साली उघडलं. सगळं गणित जुळून आलं होतं.

याच सुमारास, १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात, एअरफिक्सने रुळाकाठच्या गोष्टींची किटं काढली. घर, दुकान, फलाट, पादचारी पूल, पाण्याची टाकी, इंजिन शेड आणि केबिन. घरोघरी पोरांकडे गाड्या होत्या, पण भोवतीचं गाव नव्हतं. ते दोन-दोन शिलिंगांनी उभं राहायला लागलं.

गाव कुठल्या मापाचं? ब्रिटनचं ठरलेलं माप 'ओओ'. प्रत्यक्षातला एक फूट म्हणजे मॉडेलवर चार मिलिमीटर. सहा फुटी माणूस चोवीस मिलिमीटरचा. पण रूळ मात्र युरोपातल्या 'एचओ' मापाचे, साडेसोळा मिलिमीटरचे. कारण ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने बारीक, एचओ मापात केली तर त्या काळच्या मोटारी पोटात मावेनात. म्हणून इंजिन जरा मोठं केलं आणि रूळ तेच ठेवले. हिशोबाने रुळांमधे पावणेएकोणीस मिलिमीटरच्या थोडं वर अंतर हवं. आहे साडेसोळा. म्हणजे गेली कित्येक दशकं ब्रिटनमधल्या बहुतेक मॉडेल गाड्या चुकीच्या रुंदीच्या रुळांवर धावताहेत, आणि दुरुस्ती करता येत नाही, कारण सगळ्यांकडचं जुनं सामान निकामी होईल. सॉफ्टवेअरवाल्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको. :)

आता कंपन्यांचं काय झालं ते बघा. इथून गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, पण मजा त्यातच आहे.

नॉर्थॅम्प्टनशरमधल्या राउंड्स गावात रोझबड नावाची बाहुल्या बनवणारी कंपनी होती. तिने १९५९ साली 'किटमास्टर' नावाने इंजिनांची किटं काढली. पहिलं अर्थातच स्टीफन्सनचं 'रॉकेट'. वेळ नेमकी होती. ब्रिटनमधे वाफेची इंजिनं निघून डिझेल यायला लागली होती. ब्रिटिश रेल्वेने बांधलेलं शेवटचं वाफेचं इंजिन 'इव्हनिंग स्टार' १९६० साली स्विंडनच्या कारखान्यातून बाहेर पडलं, आणि किटमास्टरने त्याचंही किट काढलं. लोक ज्या गोष्टीला निरोप देत होते, तीच पिशवीत-खोक्यात मिळत होती. पण मोल्ड फार, पैसा कमी. १९६२ संपता संपता रोझबडने किटमास्टर एअरफिक्सला विकलं. तीन-साडेतीन वर्षांत कारभार आटोपला.

एअरफिक्स मात्र वाढत गेली. १९७१ साली तिने मेकॅनो विकत घेतली. तीच मेकॅनो, जिच्या फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली भोकांच्या पट्ट्यांचं पेटंट घेतलं आणि १९२० साली हॉर्नबी ट्रेन्स काढल्या. एका कंगवेवाल्याने लिव्हरपूलचं देवघर विकत घ्यावं तसं ते होतं. ते पचलं नाही. मेकॅनोचा बिन्स रोडवरचा कारखाना १९७९ साली बंद पडला आणि जानेवारी १९८१मधे एअरफिक्सच बुडाली.

कंपनी बुडाली की टेबलं-खुर्च्या लिलावात जातात. मोल्डचं तसं होत नाही. एअरफिक्सचे विमानांचे वगैरे मोल्ड अमेरिकेच्या जनरल मिल्सकडे गेले (हो, तीच, पीठ आणि न्याहारीचे पदार्थ बनवणारी), तिथून १९८६ साली हम्ब्रॉल या रंगांच्या कंपनीकडे. हम्ब्रॉल २००६ साली अडचणीत आली, तेव्हा हॉर्नबीने ते सगळं २६ लाख पौंडांना घेतलं. म्हणजे ज्या हॉर्नबीचं जुनं घर एअरफिक्सच्या ताब्यात असताना बंद पडलं, त्याच हॉर्नबीच्या नावाच्या कंपनीने पुढे एअरफिक्स विकत घेतली! आणि रुळाकाठच्या किटांचे, किटमास्टरच्या उरलेल्या इंजिनांचे मोल्ड या सगळ्यातून वेगळे निघून १९८०च्या दशकाच्या मध्यात डॅपॉल नावाच्या छोट्या कंपनीकडे गेले. डॅपॉल वेल्सच्या सीमेवरच्या चर्कमधून आजही ती किटं विकते. दोन शिलिंगवाली केबिन अजून बाजारात आहे. ती जिथे विकली जायची ते वूलवर्थ्स मात्र ब्रिटनमधून जानेवारी २००९मधे कायमचं बंद झालं.

आपल्याला हे अनोळखी वाटायचं कारण नाही. इटलीच्या फियाट ११००ने कुर्ल्यात येऊन पद्मिनी म्हणून किती वर्षं काढली, आणि ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड अँबेसेडर होऊन २०१४पर्यंत निघत राहिली. आपल्या बापजाद्यांनी दुसऱ्याच्या जुन्या साच्यांतून निघालेल्या गाड्यांतच लग्नाच्या वराती काढल्या. खेळण्यांचंही तेच. मेकॅनोच्याच डिंकी गाड्यांचे जुने साचे १९६०च्या दशकात कलकत्त्याला आले आणि 'निकी टॉइज' या नावाने तिथून गाड्या निघायला लागल्या. मालक, देश, नाव सगळं बदलतं. पोलादाचा ठोकळा तोच राहतो आणि त्याच्या पोटात जो आकार कोरला आहे, तोच बाहेर पडत राहतो.

आणि तो आकार कुणाचा, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. वाचता वाचता कळलं की एअरफिक्सची केबिन कल्पनेतली नाही. ती रटलंड परगण्यातल्या ओकहॅम गावच्या लेव्हल क्रॉसिंगवरच्या केबिनवरून केलेली आहे. आणि ओकहॅम लेस्टरहून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर!

पुढच्या शनिवारी गेलो. रटलंड हा इंग्लंडचा सगळ्यात छोटा ऐतिहासिक परगणा. त्याच्या लॅटिन बोधवाक्याचा अर्थ 'छोट्यात पुष्कळ' असा आहे. मॉडेलवाल्यांना याहून योग्य तीर्थक्षेत्र सापडलं नसतं. स्टेशनातून बाहेर पडलं की चार पावलांवर फाटक, आणि फाटकाला लागून ती. मिडलंड रेल्वेने १८९९ साली बांधलेली, लाकडी, दुमजली, बाहेरून जिना. मी फाटकाशी उभा राहून आधी पिशवीवरचं चित्र बघितलं, मग समोर. फाटक पडलं, गाडी गेली, फाटक उघडलं. एक बाई कुत्र्याला घेऊन गेल्या. माझ्याशिवाय तिच्याकडे कुणीही मान वर करून बघितलं नाही.

केबिन साधी आहे. अशा हजारो होत्या. ब्रिटनमधे बहुतेक पाडल्या गेल्या, इतक्या की २०१३ साली सरकारला एकदम २६ केबिन्सना वारसा म्हणून संरक्षण द्यावं लागलं. ओकहॅमचीही संरक्षित यादीत आहे. पण समजा उद्या ही जळून गेली, तरी तिची खिडकीन् खिडकी पुन्हा बांधता येईल. कारण कुणीतरी एका माणसाने तिची मापं घेतली, ती पोलादात कोरली आणि दोन शिलिंगांना विकायला ठेवली. तिच्या लाखभर नाही तरी भरपूर प्रती माळ्यांवर, खोक्यांत, टेबलांवर आहेत. या गावाशी काही संबंध नसलेल्या माणसांनी ती बांधली आहे. राजवाड्यांचं असं होतं. फाटकावरच्या केबिनचं कुठे होतं?

फाटकावरूनच फोटो काढला आणि घरी पाठवला. दहा मिनिटांत बाबांचा व्हिडिओ कॉल. "थांब, आजोबांना दाखवतो."

हे सांगायचं राहिलं. माझे आजोबा रेल्वेत लिव्हरमन होते. दौंड-मनमाड मार्गावरच्या एका छोट्या स्टेशनात, केबिनमधे. लहानपणी मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मित्रांचे आजोबा हेडमास्तर नाहीतर बँकेत, आणि आमचे 'रेल्वेत'. पुढे कुणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. इंजिनियर झाल्यावर तर नाहीच.

आजोबा आता पंच्याऐंशीचे आहेत. त्यांनी मोबाइल डोळ्यांपाशी धरला, लांब केला, पुन्हा जवळ घेतला.

"आरं, ही तर आपली केबिन!"

"आजोबा, ही इंग्लंडातली आहे."

"तेच म्हंतोय की. जिना बाहीरनं, खिडक्या तिन्ही अंगानं. गाडी दोन्हीकडनं दिसाया पायजे ना."

मग मी त्यांना किटची पिशवी दाखवली. तुकड्यांवरून बोट फिरवत म्हटलं, या भिंती, हे छप्पर, हा जिना. आजोबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आनि लिव्हर कुठंयत?"

माझ्या पिशवीत तरी आतलं काहीच नव्हतं. तसं सांगितलं.

"मंग ती केबिन न्हाई. ती खोली झाली."

आणि त्यानंतर अर्धा तास, ओकहॅमच्या फाटकापाशी थंडीत कुडकुडत, मी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आजोबांच्या कामाबद्दल ऐकलं. काळा लिव्हर पॉइंटचा, निळा लॉकचा, लाल सिग्नलचा. पांढरा असला तर तो मोकळा, त्याला काही जोडलेलं नाही. आधी काळा ओढायचा, मग निळा, मग लाल. उलटं करायला गेलात तर लाल जागचा हलतच नाही. कितीही जोर लावा. खाली लोखंडी पट्ट्यांची कुलुपं एकमेकांत अडकलेली असतात. लिव्हर नुसत्या हाताने धरायचा नाही, फडक्याने धरायचा, नाहीतर घामाने गंजतो. रात्रपाळीला झोप आली तर चुकीचा लिव्हर ओढला जाईल, पण चुकीचा सिग्नल पडणार नाही. "त्यो लोखंड झोपत न्हाई," आजोबा म्हणाले.

ही इंटरलॉकिंगची कल्पना जॉन सॅक्सबी या इंग्रजाने १८५६ साली पेटंट केली. मी रोज जे व्हॅलिडेशन लिहितो, वापरणाऱ्याने मूर्खपणा केला तरी सिस्टीम कोसळू नये म्हणून जे चार-चार इफ टाकतो, ते आमच्या घरात दोन पिढ्या आधीच होतं. लोखंडात. आणि माझ्या कोडमधे बग असतात. :)

"आजोबा, तुमच्या केबिनचा फोटो आहे का?"

नव्हता. फोटो कोण काढणार आणि कशाला? नकाशा, मापं वगैरे तर दूरच. स्टेशनात बटणांचं पॅनेल आलं, केबिनला कुलूप लागलं आणि पुढे ती पाडली. आता तिथे नुसता चौथरा आहे म्हणे.

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. ओकहॅमची केबिन काही आजोबांच्या केबिनपेक्षा थोर नव्हती. तिथेही पगारी माणसं रात्रपाळ्या करत होती आणि इथेही. फरक एवढाच पडला की तिथे दोन शिलिंगवाल्या पोरांसाठी कुणीतरी तिची मापं घेतली. आपण आठवण म्हटलं की पुतळा, ग्रंथ, स्मारक असं काहीतरी भारी डोळ्यांपुढे आणतो. ही आठवण कंगवे बनवणाऱ्या कंपनीने, खर्च कमी करता करता, पिशवीत भरून विकली. स्वस्त होती म्हणूनच ती इतक्या घरांत पोचली. पंचवीस पौंडांची असती तर कुणी पिशवी फोडली नसती, आणि न फोडलेल्या पिशवीत फक्त तुकडे असतात.

मला ते गेलेले सभासद आठवले. सात-आठ खोकी भरून स्वस्तात मिळवलेलं सामान, आणि रिटायर झालो की बांधीन. माझ्याही हार्ड डिस्कवर तसली खोकी आहेतच. न वाचलेली पुस्तकं, न बघितलेले कोर्स, 'कधीतरी आजोबांचं रेकॉर्डिंग करू' अशी एक नोंद. ती नोंद चार वर्षांपूर्वीची निघाली.

त्या रात्री मी पिशवी ओतली. मोल्डिंगची कड घासायला पॉलिश पेपर, चिकटवायला त्या कामाचं पातळ सिमेंट, बाकी हाताशी होतं ते. जुनं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं होतं, जिन्याची एक कड तुटलीच. छप्पर एका कोपऱ्यात बसत नाही. खिडकीवर माझा ठसा कायमचा उमटला आहे. डिसेंबर गेला त्यात.

लिव्हर मी टाचण्यांचे केले. एका पट्टीवर ओळीने सोळा. आजोबांना फोन करून एकेकाचा रंग विचारला. ओकहॅमचे खरे रंग कुठल्या क्रमाने आहेत ते मी बघायलाच गेलो नाही. माझ्या केबिनमधे दौंड-मनमाड मार्गावरच्या स्टेशनाची ओळ आहे. अकरावा पांढरा. "त्यो मोकळा व्हता," आजोबा म्हणाले, "त्याच्यावर मी डबा अडकवायचो." म्हणून अकराव्या टाचणीला तांब्याच्या तारेचं एक बारीक कडं आहे. चार मिलिमीटरला एक फूट या मापाने डबा अंदाजे तेवढाच येतो.

मार्चमधे परत आलो तेव्हा ती हॅंडबॅगेत, टी-शर्टांच्या मधे ठेवून आणली. आजोबांनी छप्पर उचलून आत बघितलं, बोटाने लिव्हर मोजले. मोजून झाल्यावर म्हणाले, "सातव्याचा रंग चुकलाय. निळा पायजे."

मी रंगाची डबी आणायला उठलो, आणि जाता जाता मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून टेबलावर ठेवलं.

तूर्तास इतकंच. सातवा लिव्हर वाळतोय.